जुन्या गाडीला नवा दम

पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली म्हणजे गाडी आणि माणूस या दोघांचीही सत्त्वपरीक्षा. हजारो किलोमीटरची वाट, कुठे डोळ्यांत जाणारी लाल धूळ, तर कुठे चाके गिळणारा चिखल. १९७३ च्या एप्रिलमध्ये, ऐन ईस्टरच्या दिवसांत ही शर्यत संपली तेव्हा मोठा पेच पडला. पहिल्या दोन गाड्यांचे दंडाचे गुण अगदी सारखे भरले होते. अखेर बरोबरी सोडवण्याच्या नियमाचा आधार घ्यावा लागला आणि विजयी ठरले शेखर मेहता. भारतीय वंशाचे मेहता जन्मले युगांडात. आदल्याच वर्षी ईदी अमीनने आशियाई लोकांना देशाबाहेर घालवले, तेव्हा मेहता कुटुंबालाही केनियाचा आसरा घ्यावा लागला होता. घरदार मागे सोडून आलेल्या माणसाने वर्षाच्या आत जगातली एक अत्यंत अवघड शर्यत जिंकली. पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जिंकून त्यांनी आपल्या विजयांचा आकडा पाचावर नेला.

१९७३ साली त्यांच्या हाती जी गाडी होती, तिचे नाव डॅटसन २४०झेड. लांबलचक नाक, आखूड शेपूट, दोनच माणसांची जागा आणि त्या लांब नाकाखाली एकामागे एक रांगेत उभे असलेले सहा सिलिंडर. आज पन्नाशी उलटलेल्या या गाडीत टर्बोचार्जर लावलेले इंजिन बांधून बसवण्याचे वेड जपानपासून अमेरिकेपर्यंत अनेक हौशी लोकांना लागले आहे. त्यांतले बरेचसे व्यवसायाने मेकॅनिक नव्हेत. आठवडाभर कचेरीत काम करायचे आणि रविवारी घराशेजारच्या गॅरेजात हात काळे करायचे, असा त्यांचा क्रम. या नादात पैसा जातो, वर्षे जातात, घरच्यांची बोलणी खावी लागतात. आणि एवढे करून कुठे एक बारीकशी चूक राहिली, तर सारी मेहनत काही सेकंदांत भंगारात जाते. तरीही ही माणसे हे का करतात आणि नेमके काय करतात, हे पाहण्यासारखे आहे.

बिल्ला बदलला

निसान कंपनीने १९६९ च्या अखेरीस ही गाडी जपानात आणली, तेव्हा तिचे नाव होते फेअरलेडी झेड. कंपनीच्या अमेरिकेतल्या कारभाराची सूत्रे त्या काळी युताका काटायामा यांच्याकडे होती. वेगाची हौस असणाऱ्या अमेरिकन तरुणाला असल्या नाजूक नावाची गाडी विकायची, हे काही त्यांना पटेना. तिथे आलेल्या पहिल्या गाड्यांवरचे नावाचे बिल्ले त्यांनी काढायला लावले आणि त्या जागी '२४०झेड' असे बिल्ले बसवले, ही गोष्ट या गाडीचे चाहते आजही चवीने सांगतात. २४० हा आकडा इंजिनाच्या २.४ लिटर आकारमानावरून आला. किंमत होती साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. एवढ्या पैशांत इतकी देखणी, वेगवान आणि शिवाय रोज सकाळी मुकाट्याने सुरू होणारी स्पोर्ट्स गाडी मिळते, हे पाहून लोकांच्या रांगा लागल्या. १९७८ पर्यंत या घाटाच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. काटायामांना दीर्घायुष्य लाभले. २०१५ साली ते वारले, तेव्हा त्यांचे वय १०५ वर्षांचे होते.

या गाडीच्या इंजिनाला 'एल' मालिकेचे इंजिन म्हणतात. त्याचा मुख्य ठोकळा, म्हणजे ब्लॉक, बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. पहिल्या गाडीत ते २३९३ घन सेंटिमीटरचे होते, पुढे वाढत वाढत २७५३ घन सेंटिमीटरचे झाले. आतली मापे बदलली, तरी बाहेरचा आकार जवळजवळ तोच राहिला. म्हणून नंतरच्या काळातले मोठे इंजिन सुरुवातीच्या गाडीत जुन्याच पायांवर बसते. शिवाय निसानने स्वतःच या इंजिनाला टर्बो जोडून पाहिला होता. १९७९ साली आलेली सेड्रिक ही जपानची पहिली टर्बो मोटार. तिच्यात याच मालिकेतले दोन लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन होते. १९८१ साली अमेरिकेसाठी २८०झेडएक्स टर्बो निघाली. साधे इंजिन १४५ अश्वशक्ती देत होते, ते टर्बो लागल्यावर १८० देऊ लागले. हौशी लोकांना वाट सापडली ती इथेच. अपघातात मोडलेल्या किंवा गंजून निकामी झालेल्या २८०झेडएक्स टर्बोचे इंजिन काढायचे आणि वजनाने पुष्कळ हलक्या असणाऱ्या जुन्या २४०झेडमध्ये बसवायचे.

एका रांगेतली सहा भावंडे

सहा सिलिंडर एका रांगेत ठेवण्यात असे काय विशेष आहे? पिस्टन वर जातो, खाली येतो. प्रत्येक वेळी तो टोकाला थांबतो आणि उलटा फिरतो. अर्धा किलोच्या आसपास वजनाची वस्तू मिनिटाला हजारो वेळा अशी मागे-पुढे फेकली की सगळे यंत्र हादरणारच. चार सिलिंडरच्या इंजिनात या हादऱ्यांतले काही एकमेकांना मारतात, काही उरतात. एका रांगेतल्या सहांचे मात्र वेगळे आहे. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या एकदम वर-खाली होतात आणि या तीन जोड्या आपसांत १२० अंशांच्या अंतरावर असतात. त्यामुळे एका जोडीचा धक्का दुसऱ्या दोघींकडून परस्पर फिटतो. ज्वलनाचा क्रमही एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असा वाटून दिलेला. एका वेळी कुणी ना कुणी कामाला लागलेलाच असतो, म्हणून जोराची धार तुटत नाही. मोठ्या एकत्र कुटुंबात कामे नीट वाटून दिलेली असली की घरात आदळआपट होत नाही, तसाच हा प्रकार. एल मालिकेत हा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, सात बेअरिंगांवर पेललेला असल्याने तो पिळवटायलाही सहज तयार होत नाही.

तोटा एकच. हे इंजिन लांब असते. गाड्यांची नाके आखूड होत गेली, तसे मोटार कंपन्यांनी सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन तिरप्या रांगांत बसवायला सुरुवात केली. आपल्याकडे लांब नाकाच्या मोटारी फारशा आल्या नाहीत, पण रांगेतल्या सहांचा आवाज भारतीय कानांना मुळीच अनोळखी नाही. टाटांच्या मालमोटारींतले '६९७' हे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन अनेक वर्षे घाट चढत राहिले, आणि पुढे त्यालाही टर्बो लागला.

वाया जाणारा धूर

इंजिनाचा जोर शेवटी एकाच गोष्टीवर ठरतो, त्याला किती हवा मिळते यावर. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येईल, पण हवा आणायची कुठून? साधे इंजिन स्वतःच्या श्वासाने जेवढी ओढेल तेवढीच. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर जळलेला वायू धुराड्यातून बाहेर पडताना आपली पुष्कळ शक्ती सोबत घेऊन जातो. ती वाया का घालवावी, असा विचार आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने केला आणि १९०५ साली पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा लावायचा आणि त्या पंख्याने ताजी हवा इंजिनात दाबून भरायची. हाच टर्बोचार्जर. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याला पेलून धरतो तो फक्त तेलाचा एक पातळ थर.

१९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या ४३०० मीटर उंच डोंगराच्या माथ्यावर विमानाचे इंजिन नेऊन हा प्रयोग केला. विरळ हवेत दम टाकणारे इंजिन टर्बो लावताच पुन्हा जोमाने चालू लागले. रस्त्यावरच्या मोटारीत मात्र टर्बो यायला १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी निघालेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीची कथा बोधप्रद आहे. तिच्या इंजिनात आधीच दाब जास्त होता. ज्वलन आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळोवेळी भरायची होती. लोक विसरू लागले, तक्रारी वाढल्या, दोन हंगामांत गाडी बंद झाली. पुढे बऱ्याच गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवण्यात आला.

हे 'आवरणे' म्हणजे काय, ते समजून घेतल्याशिवाय टर्बो इंजिन बांधता येत नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड हाताला चटका देते, कारण हवा दाबली की तापते. बाहेर २७ अंश असताना टर्बोने वातावरणाच्या निम्म्याइतका जादा दाब दिला, तरी हवा ८० अंशांच्या घरात जाते. पूर्ण एका वातावरणाइतका जादा दाब दिला, तर १२० अंशांच्या पुढे. अशी तापलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरमध्ये आणखी दाबले की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपणहून भडकते. ज्योत पसरण्याऐवजी स्फोट होतो. आपले मिस्त्री याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. साध्या इंजिनात चढावर तो थोडा वेळ आला, तरी निभावते. टर्बो इंजिनात पूर्ण जोरावर तो आला, तर पिस्टनची कड तुटते, रिंगा फुटतात, कधी पिस्टनला भोकच पडते. हे व्हायला दहा सेकंदही पुरतात.

म्हणून टर्बो इंजिनात मुळातला दाब कमी ठेवतात. २४०झेडच्या इंजिनात मिश्रण नऊपट दाबले जाई, टर्बोच्या इंजिनात ते ७.४ पटच. बाकीचा दाब टर्बो भरून काढतो. टर्बोने किती रेटायचे, याला लगाम म्हणून एक झडप असते. कुकरच्या शिट्टीसारखेच तिचे काम, ठरलेला दाब झाला की जादा धूर चाकाला वगळून बाहेर सोडायचा. कंपनीच्या मूळ इंजिनात हवा थंड करण्याची सोय नव्हती. आजचा हौशी माणूस गाडीच्या तोंडाशी रेडिएटरसारखा दुसरा एक जाळीदार डबा बसवतो. टर्बोतून निघालेली तापली हवा त्यातून थंड होऊन इंजिनात जाते. त्याला इंटरकूलर म्हणतात. थंड हवा दाट असते म्हणून जोर वाढतो, आणि नॉकिंगची भीतीही कमी होते.

केसाएवढी मापे

आता प्रत्यक्ष बांधणी. चाळीस वर्षांचे इंजिन मिळाले की पहिले काम ते पूर्ण खोलण्याचे. प्रत्येक भाग धुऊन, चिठ्ठी लावून, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने ठेवायचा. मग मापे. सिलिंडर घासून लांबट-गोल झाला आहे का, क्रँकशाफ्टवर चरे आहेत का, हेड वाकले आहे का, दोन सिलिंडरांमधल्या भिंतीत तडा आहे का. ब्लॉक चांगला निघाला, तर बोअरिंग करून थोडा मोठा करतात आणि आतून बारीक आडव्या-उभ्या रेघांची घासणी देतात. या रेघांत तेल धरून राहते. काही धाडसी लोक याच कंपनीच्या डिझेल इंजिनाचा क्रँकशाफ्ट घालतात. त्याने पिस्टनची धाव ७९ वरून ८३ मिलिमीटर होते. सिलिंडर ८९ मिलिमीटरपर्यंत वाढवला, की २.८ लिटरचे इंजिन ३.१ लिटरचे होते. 'वांगन मिडनाइट' या जपानी चित्रकथेतल्या निळ्या झेडमध्ये असेच ३.१ लिटरचे, दोन टर्बोंचे इंजिन आहे. तिच्या दंतकथेपायी कितीतरी तरुण या वाटेला लागले. पण भिंती जितक्या कोरल्या, तितक्या पातळ होतात आणि टर्बोच्या दाबाला पातळ भिंत मानवत नाही. म्हणून जाणते लोक मूळ ८६ मिलिमीटरच्या आसपासच थांबतात.

रिंगांचेच उदाहरण घ्या. पिस्टनवरची रिंग पूर्ण वर्तुळ नसते, तिची दोन टोके थोडी सुटी असतात. साध्या इंजिनात या आकाराच्या सिलिंडरला ही फट ०.३५ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, रिंग जास्त फुगते, म्हणून ०.४५ ते ०.५० ठेवावी लागते. एखाद्याने जुन्या सवयीने फट कमी ठेवली, तर पूर्ण जोरावर ती दोन टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनचा कपचा उडवते. एक दशांश मिलिमीटरचा फरक, पण त्यावर इंजिनाचे मरण-जगणे ठरते. बेअरिंगांतली मोकळीक तर मिलिमीटरच्या काही शतांशांत मोजतात. माणसाचा केसही तिथे जाडजूड वाटावा. हेडचे बोल्ट आवळायचे ते मधून सुरुवात करून कडांकडे जात, तीन टप्प्यांत, मापाच्या पान्याने. घाई केली, तर गॅस्केट एका जागी दबते आणि दाब नेमका तिथूनच वाट काढतो.

मग टर्बोची व्यवस्था. त्याला तेल नेणारी बारीक नळी आणि तेल परत आणणारी जाड नळी. परतीची नळी सतत उतरती हवी, कारण तेल तिथे स्वतःच्या वजनानेच खाली येते. नळीला कुठे पोट आले, तर तेल तुंबते आणि धुराड्यातून निळा धूर येऊ लागतो. घाटातून जोरात आलेली गाडी उभी करून लगेच किल्ली फिरवली, तर तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून कोळसा होते. म्हणून इंजिन मिनिटभर नुसते चालू ठेवायचे आणि मग बंद करायचे, ही जुन्या टर्बोवाल्यांची सवय आजही मोडत नाही.

पेट्रोलचा हिशेब

सगळ्यांत फसगत होते ती पेट्रोलच्या बाबतीत. २४०झेडला दोन कार्ब्युरेटर होते, त्यांना पेट्रोल अगदी थोड्या दाबाने पुरे. टर्बो इंजिनाला फवारा लागतो आणि त्याला अडीच ते तीन वातावरणांचा दाब. म्हणजे नवा पंप आला, नव्या नळ्या आल्या. २५० अश्वशक्ती हवी असेल, तर पूर्ण जोरावर हे इंजिन तासाला सुमारे ९० लिटरच्या वेगाने पेट्रोल पिते. एवढे पेट्रोल जुन्या, आतून गंजलेल्या टाकीतून अखंड यायला हवे. वळणावर टाकीतले पेट्रोल एका कडेला जाते, पंपाच्या तोंडाशी क्षणभर हवा येते, मिश्रण पातळ होते. नेमके त्याच क्षणी पाय खाली दाबलेला असतो. इंजिन कशाने गेले, हे मग उघडून पाहिल्यावरच कळते. म्हणून शहाणा माणूस वाटेत एक छोटी जादा टाकी ठेवतो. ती कायम भरलेली राहते आणि पंपाला कधी कोरडे पडू देत नाही.

पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी केव्हा टाकायची, हे पूर्वी यंत्रांच्या अंदाजावर चाले. आता त्यासाठी छोटा संगणक मिळतो. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण जाड की पातळ, हे तिथल्या तिथे दाखवणारा संवेदक बसवतात. पूर्ण जोरावर मिश्रण मुद्दाम जाड ठेवतात, एका भागाला साडेअकरा ते बारा भाग हवा. जादा पेट्रोल वाया गेल्यासारखे वाटते, पण तेच सिलिंडरला आतून थंडावा देते. ठिणगीही टर्बोचा दाब वाढेल तशी थोडी उशिराने टाकतात. हे सारे आकडे एका दिवसात ठरत नाहीत. आधी थोडा दाब, मग नोंद, मग आणखी थोडा. पहिल्या दिवशी टर्बोची पूर्ण ताकद पाहण्याचा मोह ज्याला आवरला नाही, त्याचे इंजिन दुसरा दिवस पाहीलच असे नाही.

आणि तो पहिला दिवस! स्पार्क प्लग काढून ठेवलेले. इंजिन नुसतेच फिरवायचे, तेलाचा काटा वर चढेपर्यंत. काटा हलला, की गॅरेजातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग प्लग लावून किल्ली. एकदा, दोनदा, आणि वर्षभर खोक्यांत, फडक्यांत गुंडाळून पडलेले ते लोखंड एकदम बोलू लागते. पण तेव्हाही आनंदाने नाचायला सवड नसते. नवा कॅमशाफ्ट घातला असेल, तर पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालत ठेवायचे, गळती पाहायची, काटे पाहायचे, बंद करून तेल बदलायचे. जुन्या तेलात धातूचे चमचमते कण जास्त दिसले, तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

इंजिन झाले, गाडीचे काय?

इंजिन बसले म्हणजे गाडी झाली, असे नवख्याला वाटते. ही गाडी दीडशे अश्वशक्तीसाठी घडवलेली होती. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, चाके १४ इंची आणि अरुंद. अडीचशे अश्वशक्ती देणाऱ्याने आधी थांबण्याची सोय करायला हवी. ब्रेक मोठे, क्लच जाड, मागचा डिफरन्शियल नंतरच्या गाडीतला मजबूत, चाके रुंद. शिवाय झेडच्या पत्र्याला गंज फार लवकर लागतो. बॅटरीखालचा कोपरा, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि तळाशी असलेले लांब पोकळ तुळईसारखे भाग आतून पोखरलेले असतात. वरून रंग चकचकीत आणि आत भुसा. अशा सांगाड्यावर दुप्पट जोराचे इंजिन चढवणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशांवर माडी बांधणे. अतिवेगात या गाडीचे नाक उचलले जाते, ही तर चाहत्यांनी मान्य केलेली उणीव. म्हणून पुढच्या बंपरखाली हवा अडवणारी पट्टी लावतात. एकूण खर्चाचा हिशेब मांडला, तर इंजिन हा त्यातला एकच रकाना निघतो.

मूळ रूप की नवा जोर?

या छंदात एक जुने भांडण आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी जशी कारखान्यातून निघाली तशीच जपायची. दुसरा म्हणतो, गाडी ही चालवण्यासाठी असते, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. पहिल्या पक्षाच्या बाजूने पैसा बोलतो. १९९० च्या दशकात खुद्द निसानने जुन्या २४०झेड विकत घेऊन, नव्यासारख्या करून, आपल्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांमार्फत पुन्हा विकल्या. किंमत २५ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे मूळच्या सातपट. पुढे जानेवारी २०२० मध्ये, मूळ स्थितीत जपलेली १९७१ ची एक २४०झेड लिलावात तीन लाख दहा हजार डॉलरला गेली. ज्याने तीच गाडी कापून टर्बो बसवला, त्याने किती पैसे मातीत घातले, याचा हिशेब पहिला पक्ष लगेच मांडतो. म्हणून विचारी माणूस मधली वाट काढतो. जपलेली, मूळ स्थितीतली गाडी तो कधीच कापत नाही. ज्या गाडीचे मूळचे इंजिन केव्हाच हरवले आहे, अशीच निवडतो. आणि जे जोडायचे, ते बोल्टने जोडतो, वेल्डिंगने नव्हे, म्हणजे उद्या कुणाला गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर नेता यावी. आज स्कायलाइनचे किंवा टोयोटाचे नव्या काळातले टर्बो इंजिन घालून याहून सहज जास्त जोर मिळवता येतो. तरी बरेच जण एल मालिकेचेच इंजिन धरून बसतात, कारण बॉनेट उघडल्यावर तिथे घरचेच माणूस दिसावे, असे त्यांना वाटते.

आपल्या देशात हा प्रश्न केवळ आवडीचा नाही, कायद्याचाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीतल्या बदलांवर बंधने घातली आहेत, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली स्पष्ट केले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचा नियम २०२१ साली झाला, पण इंजिनात किंवा सांगाड्यात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा आजोबांची जुनी गाडी ज्यांच्या अंगणात उभी आहे, त्यांनी टर्बोचा विचार मनात आणण्याआधी परिवहन कार्यालयाची पायरी चढलेली बरी. ते इंजिन मूळ मापांत, मूळ रूपात पुन्हा बांधणे हेही काही कमी कौशल्याचे काम नाही, आणि रिंगेची फट मोजण्याची शिस्त तिथेही तीच लागते.

मराठीत 'दम' हा शब्द मोठा मजेचा आहे. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे ताकद. टर्बो इंजिनाला श्वास देतो आणि त्यातून ताकद येते, एवढे तर दिसतेच. पण दम धरणे असाही एक प्रयोग आहे. चाळीस वर्षांच्या लोखंडाची केसाएवढी मापे घ्यायची, चुकली तर पुन्हा घ्यायची, पहिल्या दिवशी पाय आवरायचा आणि तेलाचा काटा हलेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे, यासाठी लागतो तो हाच दम. तो कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि ज्याच्यापाशी तो नसतो, त्याच्या गाडीत पहिले दोन दम फार काळ टिकत नाहीत.